साइडमाउंट डायव्हिंग: दोन सिलिंडर काखेत घेऊन पाण्यात कसं उतरायचं

मालवणला किंवा ग्रँड आयलंडला स्कूबा केलेल्यांना सिलिंडर म्हटलं की पाठीवरचाच आठवतो. साइडमाउंटमधे पाठ मोकळी असते, दोन सिलिंडर काखेपासून मांडीपर्यंत अंगालगत. इंग्लंडमधल्या पाण्याने भरलेल्या अरुंद गुहांत पाठीवर काही घेऊन शिरताच येईना तिथून ही पद्धत आली, पुढे फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या सेनोटेंमधे, म्हणजे पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या विवरांमधे, ती घडत गेली. माझ्यासाठी हिचं खरं सुख म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर असतात, बुडबुडे कुठून निघतायत ते दिसतं आणि हात लगेच पोचतो.

आधी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचं सुरुवातीचं, सर्टिफिकेट घ्या. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा साइडमाउंट कोर्स वयाच्या 15 वर्षांपासून पुढे करता येतो, शांत पाण्यात एक सेशन आणि मग तीन ओपन वॉटर डाइव्ह. व्हिडिओ बघून स्वतःचं स्वतः करू नका, प्लीज.

पहिला दिवस जमिनीवरच जातो आणि जाऊ द्या. हार्नेस, म्हणजे सगळं अडकवायचे पट्टे, अंगाला नीट बसवायचा, मग बंजी, म्हणजे पाठीमागून काखेखालून पुढे येणारी लवचिक दोरी, ती सिलिंडरच्या मानेला धरून ठेवते. बंजी सैल असली तर सिलिंडर लोंबकळतो आणि प्रवाळाला घासतो, त्यामुळे इथे कंटाळा करू नका.

पाण्यात उतरल्यावर बीसीडी, म्हणजे तरंगायला हवा भरायची जॅकेटसारखी पिशवी, फुगवा, बोटीवरून एकेक सिलिंडर हातात घ्या, आधी खालची क्लिप कमरेच्या मागच्या रिंगला लावा, मग बंजी व्हॉल्व्हवर चढवा. इन्फ्लेटरचा होज, म्हणजे बीसीडीत हवा सोडणारी नळी, जोडा. दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना, दोन्ही रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र) दोन-चार श्वास, दोन्ही गेजवर हवेचा दाब, हे बघितल्याशिवाय खाली जायचं नाही. उजव्याचा होज साधारण 2 मीटर लांब, कुणाची हवा संपली तर तो द्यायचा, डाव्याचा आखूड आणि रेग्युलेटर गळ्यातल्या रबरी हारात हनुवटीखालीच.

आता हवेचं गणित. समजा दोन्हीत 200 बार (हवेच्या दाबाचं एकक) आहेत, उजव्यातून 170 पर्यंत घ्या, मग डाव्यावर जा आणि तो 140 ला आणा, परत उजवा 110 पर्यंत, असं करत दोघांतला फरक 30 च्या आसपासच ठेवायचा. कारण एक सिलिंडर बंद पडला तर वर येण्यापुरती हवा दुसऱ्यात असलीच पाहिजे.

दुसऱ्या डाइव्हला माझ्या सिलिंडरांची बुडं हळूहळू वर यायला लागली, मी बंजी ओढत बसलो आणि खरं कारण वेगळंच होतं. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असताना थोडा बुडतो, हवा कमी झाली की त्याचं बूड तरंगायला लागतं. इन्स्ट्रक्टरने माझा हात धरून क्लिप मागच्या रिंगवरून कमरेच्या पुढच्या रिंगवर आणली आणि सिलिंडर परत सरळ. साधारण 100 बारला मी आता हे न चुकता करतो.

गुहेत जायचं तर त्याचं वेगळं ट्रेनिंग लागतं, साइडमाउंटचं कार्ड तिथे पुरत नाही.

वर आल्यावर आधी बीसीडी फुगवा, मगच इन्फ्लेटरचा होज काढा, गळ्यातला हार डोक्यावरून काढा, सिलिंडर सोडवून बोटीवर द्या आणि शिडी मोकळ्या पाठीने चढा. कंबरेचं दुखणं असलेल्यांना एवढ्यासाठीसुद्धा मी हे शिकायला सांगतो.