अमेरिकेत प्रायमरी कधी असते ते कसं शोधायचं

आमच्या बडोद्यात, दांडिया बाजाराच्या बाजूला, घरटी एक तरी मूल अमेरिकेत आहे, बरेचजण तिकडचे सिटिझन पण झालेत, आणि नोव्हेंबरात मत दिलंस का विचारलं की हो म्हणतात पण प्रायमरीचं (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी होणारं मतदान) विचारलं की "ती कधी होती?" मला खरंच वाईट वाटतं, कारण जिथे एकाच पक्षाचा जोर असतो तिथे खासदार कोण होणार ते प्रायमरीतच ठरून जातं.

आपल्याकडे कसं, आयोग दिल्लीतून अख्ख्या देशाचं वेळापत्रक काढतो, २०२४ ला बडोद्याचं मतदान ७ मेला होतं, आणि तिकीट पक्षच देतो. तिकडे देशभर एक असा फक्त मुख्य निवडणुकीचा दिवस, सम वर्षी नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. प्रायमरीची तारीख ज्या त्या राज्याच्या कायद्याने ठरते. म्हणून आधी राज्य बघा, मग त्या राज्याच्या निवडणूक खात्याच्या साइटवर जा. २०२४ ला टेक्सासची ५ मार्चला झाली, न्यू जर्सीची ४ जूनला, मॅसॅच्युसेट्सची पार ३ सप्टेंबरला! न्यू यॉर्कमध्ये तर राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी २ एप्रिलला आणि काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची, २५ जूनला, एकीला मत दिलं म्हणून दुसरी विसरू नका.

टेक्सासवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नाही मिळाली तर मेमध्ये रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान, होते, आणि मार्चमध्ये एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं असेल तर रनऑफला दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही.

तारीख सापडली की तिथून मागे मोजायचं. मतदार नोंदणी टेक्सासात ३० दिवस आधी बंद होते, न्यू जर्सीत २१. न्यू यॉर्कमध्ये नुसती नोंदणी पुरत नाही, त्या पक्षात नाव लावलेलं लागतं आणि पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीच्या आत, म्हणजे जूनच्या मतदानाचं काम थंडीतच उरकायचं.

आणि जे सिटिझन होऊन परत बडोद्यात राहायला आलेत त्यांनाही मत देता येतं बरं का. वेळेत अर्ज केलेला असेल तर काँग्रेसच्या प्रायमरीची मतपत्रिका निदान ४५ दिवस आधी पाठवणं राज्याला बंधनकारक आहे, ईमेलने मागितली तरी चालते. हा अर्ज दर वर्षी नवा भरायचा, जानेवारीतच भरून टाका.