दर डावाला पैसे: डाउनलोड होणाऱ्या कन्सोल गेमचा भाव कसा बांधायचा

मार्च 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 वर 'गेम रूम' आणलं. जुने आर्केड गेम (पार्लरमधले, नाणं टाकून खेळायचे) डाउनलोड करायचे आणि तीनपैकी एका भावाने खेळायचे: एका डावाला 40 पॉइंट (मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलं चलन), एकाच यंत्रणेवर कायमचा हक्क 240 पॉइंट, कन्सोल आणि विंडोज दोन्हींवर 400 पॉइंट. तेव्हा 80 पॉइंट म्हणजे एक डॉलर, म्हणजे डाव अर्ध्या डॉलरचा. स्वतःच्या गेमचा भाव ठरवायला बसाल तेव्हा हे आकडे समोर ठेवा. सहाव्या डावाला पूर्ण गेमची किंमत वसूल होत होती. ज्याला गेम आवडला तो पहिल्या-दुसऱ्या डावातच हे गणित करतो आणि सुटा डाव घेणं त्याला मूर्खपणा वाटतो. ज्याला आवडला नाही तो पुन्हा येत नाही. मग सुटा डाव विकत घेणार कोण? त्यात पॉइंट ठरावीक गठ्ठ्यांतच मिळत, त्यामुळे अर्ध्या डॉलरच्या डावासाठीही आधी मोठी रक्कम खात्यात टाकावी लागे.

म्हणून पहिला नियम: डावाला दिलेला प्रत्येक रुपया गेमच्या खरेदीत धरायचा. डावांचे पैसे पूर्ण किमतीला पोचले की गेम आपोआप कायमचा उघडायचा. एवढं केलं की 'फुकट गेले' ही भावना उरत नाही आणि सुटा डाव म्हणजे हप्ता होतो.

त्याआधी 'डाव' म्हणजे काय ते पक्कं करा. पार्लरमध्ये नाणं टाकलं की तिन्ही लाइफ संपेपर्यंत खेळ चाले. मारामारी, शूटिंग आणि रेसिंगला हेच माप चालतं. सरासरी डाव 5 ते 15 मिनिटांचा हवा. तीस-चाळीस तासांच्या कथेच्या गेमला डावाचं माप लावू नका. तिथे तास विकावे लागतात, आणि तासांचं गणित चिडवणारं असतं. सोनीने जुलै 2014 मध्ये प्लेस्टेशन नाऊचा ओपन बीटा (सगळ्यांसाठी खुली चाचणी) चालू केला तेव्हा 4 तास, 7, 30 आणि 90 दिवस असे भाडेदर होते. हे स्ट्रीमिंग होतं, डाउनलोड नव्हे, पण धडा तोच: काही गेमचं लांब मुदतीचं भाडं दुकानातल्या डिस्कपेक्षा महाग पडतं म्हणून लोक बिथरले, आणि जानेवारी 2015 मध्ये 19.99 डॉलरची मासिक वर्गणी आली.

आता आकडे. समजा पूर्ण गेम 600 रुपयांचा आहे. उंबरठा, म्हणजे किती डावांच्या पैशांत पूर्ण गेम उघडतो तो आकडा, 15 डावांवर ठेवा, म्हणजे डाव 40 रुपयांना. 10 च्या खाली गेलात तर वर सांगितलेली गत होते. 25 च्या वर गेलात तर पूर्ण किंमत फारच लांब दिसते आणि खरेदी होतच नाही. डाव एकेक विकू नका, 5 डावांचा 200 रुपयांचा संच करा. पहिला डाव फुकट, आणि तो पूर्ण द्या. अर्धवट कापलेला डेमो हा वेगळा प्रकार आहे, त्यावरून गेमची चव कळत नाही.

अंदाज असा बांधा. शंभर खेळाडूंनी संच घेतला, त्यात 60 जण एकावर थांबले, 25 जणांनी दोन घेतले, 15 जण तिसऱ्यापर्यंत गेले: 12,000 + 10,000 + 9,000 म्हणजे 31,000 रुपये. तेवढ्याच पैशांसाठी पूर्ण किमतीचे 52 ग्राहक लागले असते. भारतात दाखवलेल्या किमतीत 18 टक्के जीएसटी धरलेला असेल तर हातात 26,271 उरतात, त्यातून कन्सोलच्या ऑनलाइन दुकानाचे नेहमीचे 30 टक्के गेले की 18,390. हे प्रमाण समजुतीसाठी घेतलं आहे; स्वतःचं प्रमाण पहिल्या महिन्याच्या विक्रीतून काढा आणि उंबरठा त्यावरून हलवा. फक्त आधीच संच घेतलेल्यांसाठी तो वाढवू नका.

खरी पंचाईत होते ती डाव कधी वजा करायचा यात. 'स्टार्ट' दाबताक्षणी वजा केला आणि लोडिंगमध्ये गेम कोसळला, की तक्रार आलीच. डाव संपल्यावर वजा केला तर हरणारा वायर ओढून मोकळा होतो. तीन अवस्था ठेवा: स्टार्टला डाव 'राखीव', खेळाडूच्या हातात नियंत्रण आल्यावर 60 सेकंदांनी 'खर्च', त्याआधी संपर्क तुटला तर 'परत'. खेळाडूने स्वतः मेनूतून सोडला तर मात्र खर्चच. परतीला दिवसाला 3 ची मर्यादा घाला, नाहीतर सुरुवात बिघडली की राउटर बंद करणारे महाभाग निघतातच. ऑनलाइन लढतीत समोरचा पळाला तर डाव परत द्या. घरातल्या दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे घेऊ नका; पाहुणा हाच तुमचा पुढचा ग्राहक.

शिल्लक डाव सर्व्हरवर ठेवा. सेव्ह फाइलमध्ये ठेवले तर जुनी प्रत परत टाकून ते पुन्हा मिळवता येतात. एक्सबॉक्सवर डेव्हलपर-मॅनेज्ड कन्झ्युमेबल (वापरून संपणारी वस्तू, जिची शिल्लक गेम बनवणारा सांभाळतो) वापरलं तर संच पोचल्याचं दुकानाला कळवेपर्यंत तोच संच पुन्हा विकत घेता येत नाही. क्रम असा: खरेदी झाली, सर्व्हरवर डाव जमा केले, मग दुकानाला कळवलं. उलट केलं आणि मध्येच वीज गेली तर पैसे गेले, डाव नाहीत. बरोबर क्रमातही जमा आणि कळवणं यांच्या मध्ये तुटलं तर पुढच्या वेळी दुप्पट जमा होऊ शकतं, म्हणून प्रत्येक खरेदीच्या पूर्ततेला स्वतःचा वेगळा ट्रॅकिंग आयडी (ओळख क्रमांक) देऊन तो नोंदवून ठेवा. तोच आयडी पुन्हा आला तर जमा करू नका.

एक्सबॉक्सचं क्विक रिझ्युम (गेम सोडला तिथूनच पुन्हा चालू होणं) आणि पीएस5 चा रेस्ट मोड (कन्सोलची झोप) वेगळे तपासा. झोपेतून उठलेल्या गेमला वाटतं सर्व्हरशी बोलणं चालूच आहे, प्रत्यक्षात ते कधीच तुटलेलं असतं. उठताच पुन्हा लॉगिन करून मगच शिल्लक दाखवा. वेळ मोजत असाल तर भिंतीवरचं घड्याळ मोजू नका, गेम प्रत्यक्ष चालू असलेले क्षण मोजा. नाहीतर रात्रभर झोपलेल्या कन्सोलने चार तास खाऊन टाकलेले असतात.

फाइलचा आकारही भावाचाच भाग आहे. 60 जीबीचा गेम 40 एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला 3 तास 20 मिनिटं लागतात. दहा मिनिटांच्या डावासाठी एवढं कोण थांबेल? 2 जीबी सात मिनिटांच्या आत येतात.

फुकट डाव वेळेवर भरत राहण्याची पद्धतही आहे. पीएस3 वरच्या 'टेक्केन रेव्होल्यूशन' (2013) मध्ये आर्केड आणि ऑनलाइन लढतींची नाणी वेगवेगळी होती, ती ठरावीक वेळाने आपोआप भरत आणि घाई असेल तर प्रीमियम नाणी विकत घ्यावी लागत. यात खेळाडू येत राहतात, पण पूर्ण खरेदीचं कारणच उरत नाही. दोन्ही पद्धती एकत्र करायच्याच असतील तर दिवसाला एक फुकट डाव, बास.

भारतात विकताना डावाच्या पैशांवर रोख किंवा रोखीसारखं बक्षीस लावू नका. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावायचे खेळ बंद आहेत. नुसतं खेळण्याचं शुल्क ही निराळी गोष्ट. विक्रीच्या पडद्यावर एका डावाचा भाव, उरलेले डाव आणि पूर्ण गेमला किती कमी पडतात, हे तिन्ही एकत्र दाखवा.

सर्व्हर बंद करायची वेळ येईल तेव्हा किमान 90 दिवस आधी संच विकणं थांबवा. शेवटच्या अपडेटमध्ये डाव मोजणारा भाग काढून टाका आणि किमान एक संच घेतलेल्या प्रत्येकाला गेम ऑफलाइन उघडून द्या.