गादीखाली सापडलेली गोळी ‘बहुतेक बीपीची’: या चुका टाळा

पांढरी, गोल, मधोमध रेघ. अशी सुट्टी गोळी हातावर ठेवून कुणी विचारलं, “दादा, ही कशाची?” तर मला सांगता येत नाही. फार्मसी शिकलोय, केस पिकले ते मेडिकलच्या काउंटरमागेच, तरी नाही येत. बीपीची ॲम्लोडिपिन, झोपेची अल्प्राझोलाम, साखरेची ग्लिबेनक्लामाइड, हृदयाची डिगॉक्सिन, स्टेरॉइडमधली प्रेडनिसोलोन, यांतली ती कुठलीही असू शकते. गिऱ्हाइकाला वाटतं, मी उगाच भाव खातोय. मग शेजारी उभ्या असलेल्या काकू एक नजर टाकून सांगून टाकतात, “अगं बीपीचीच आहे, आमच्या ह्यांची पण अश्शीच असते.” झालं. गोळी परत डबीत.

दिवाळीच्या साफसफाईत हा प्रकार सगळ्यात जास्त. पुण्या-मुंबईहून आलेली मुलं आई-वडिलांचे खण उपसतात, गाद्या उलटतात आणि मूठभर सुट्ट्या गोळ्या ‘ओळखायला’ बसतात. त्यांच्या हातून होणाऱ्या चुकाही वर्षानुवर्षं त्याच.

वेबसाइट अमेरिकेची, गोळी आपली

हल्लीची तरुण मंडळी विचारायलाही येत नाहीत. मोबाइलवर गोळी ओळखून देणारी एखादी वेबसाइट उघडायची, आकार गोल, रंग पांढरा असं निवडायचं आणि पहिलं येईल ते नाव आईला सांगून मोकळं व्हायचं. या वेबसाइट बहुतेक अमेरिकेसाठी केलेल्या असतात. तिथे जवळपास प्रत्येक गोळीवर आणि कॅप्सूलवर ओळखीची अक्षरं-आकडे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणून ‘एल ४८४’ कोरलेली पांढरी लांबट गोळी ॲसिटामिनोफेन ५०० मिलीग्रॅमची, म्हणजे आपली पॅरासिटामॉल, हे तिथे खात्रीनं सांगता येतं.

आपल्याकडे गोळीच्या अंगावर असं काही छापायची सक्ती नाही. कायदा जे लिहायला लावतो ते सगळं पाकिटावर: औषधाचं नाव, प्रमाण, बॅच नंबर, तारीख, कंपनी. पट्टीतून गोळी बाहेर आली की तिची ओळख तिथेच राहिली. मुलीकडे न्यू जर्सीला राहून आलेल्या आजी-आजोबांच्या बॅगेतली गोळी असेल तर त्या वेबसाइटचा उपयोग आहे. एरवी त्यात घालवलेला वेळ घरातल्या माणसांना एक प्रश्न विचारण्यात घालवा: या घरात कोण काय घेतं, आणि या खणात कोण हात घालतं? निम्म्या गोळ्या तिथेच उलगडतात.

‘पिवळी म्हणजे फॉलिक’

रंगावरून गोळी ओळखणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. का ते सांगतो.

आमवाताच्या पेशंटला मेथोट्रेक्झेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून इतर दिवशी फॉलिक ॲसिड. दोन्ही औषधांची भुकटी मुळातच पिवळी, त्यामुळे गोळ्याही लहान आणि पिवळसर. त्यात बाजारातली नावंही सख्ख्या बहिणींसारखी: फॉलव्हाइट आणि फॉलिट्रॅक्स. पहिली फॉलिक ॲसिड, दुसरी मेथोट्रेक्झेट.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना या दोन्ही चालू होत्या. मोठा मुलगा बेंगळुरूहून आला. “आईची औषधं शिस्तीत लावून देतो” म्हणून ऑनलाइन डबा मागवला, सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेला. एका बैठकीत सगळ्या पट्ट्या फोडल्या. ड्रॉवरच्या तळाशी आणखी काही सुट्ट्या पिवळ्या गोळ्या निघाल्या. त्यानं पिवळी पिवळीशेजारी धरून पाहिली, जुळली, आणि सगळ्या ‘फॉलिक’ म्हणून रोजच्या खणात भरल्या. पट्ट्यांचा कचरा घंटागाडीत गेला, मुलगा परत गेला.

आठवडा-दीड आठवड्यानं धाकटी सून दुकानात आली. “आईंचं तोंड आलंय, पाणीसुद्धा गिळवत नाही. लावायला काहीतरी जेल द्या.” तोंड येणं ही रोजची तक्रार. जेल आणि बी-कॉम्प्लेक्स टेकवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणारे आमच्या धंद्यात भरपूर. पण आजींचं प्रिस्क्रिप्शन दर महिन्याला माझ्याच हातातून जायचं. म्हटलं, “वहिनी, जेल राहू दे, आधी गोळ्यांचा डबा घेऊन या.”

डबा आला. रोजच्या खणातल्या पिवळ्या गोळ्या पांढऱ्या कागदावर ओतल्या, ट्यूबलाइटखाली सरकवल्या. पहिल्या नजरेला सगळ्या सारख्या. बोटानं एकेक बाजूला करत गेलो तेव्हा दोन ढीग झाले. एका ढिगातल्या गोळ्यांची कड किंचित तिरपी छाटलेली, दुसऱ्या ढिगातल्या सपाट आणि अगदी जराशा गडद. कुठला ढीग कशाचा, हे मीही छातीठोकपणे सांगितलं नसतं. पण रोजच्या खणात पिवळ्या गोळीचे दोन प्रकार असायलाच नको होते. आणि तोंडात फोड, म्हणजे आठवड्याची मेथोट्रेक्झेट रोज पोटात जात असल्याची शंका. “आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या, आणि हा डबा सोबत न्या.” रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. मेथोट्रेक्झेटवर उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, ताप, वेगळी खोली, सगळं झालं. आजी घरी आल्या. मुलगा फोनवर मला म्हणत होता, “पण रंग सेम होता हो.”

तेव्हापासून मेथोट्रेक्झेटच्या प्रत्येक पट्टीवर मी मार्करनं ‘फक्त रविवारी’ किंवा डॉक्टरांनी दिलेला जो वार असेल तो लिहितो. गिऱ्हाईक हसतं, हसू दे. ही गोळी डब्यात भरायचीच नाही. ती तिच्या पाकिटात, वेगळ्या जागी. बाकीच्या गोळ्यांना डबा वापरा, पण एका वेळी एकाच आठवड्याचा भरा आणि पट्ट्या डब्यासोबतच ठेवा. काहीजण हुशारी करून एकेक गोळी फॉइलसकट कापून खणात ठेवतात. तेही नको. डोळ्यांनी कमी दिसणारं माणूस तो टोकदार तुकडा तसाच गिळतं आणि अन्ननलिकेला इजा होते.

पट्टी चुकीच्या टोकाकडून संपवणं

तारीख आणि बॅच नंबर बहुतेक पट्ट्यांवर एकाच टोकाला ठोकलेले असतात. आपल्या लोकांना गोळी फोडायला नेमकं तेच टोक का सापडतं, देव जाणे. अर्ध्या पट्टीवर उरतं काय, तर एखाद्या नावाची शेपटी आणि ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’.

यात दुकानदारांचाही वाटा आहे. चार गोळ्या मागितल्या की कात्री चालवायची आणि नाव इकडे, तारीख तिकडे. मी बिनतारखेच्या बाजूनं कापतो आणि दिलेल्या तुकड्यावर नाव आणि तारीख मार्करनं लिहितो. तुमचा दुकानदार लिहीत नसेल तर लिहून मागा, आणि बिल घ्या. बिलावर नाव, बॅच, मुदत सगळं असतं. महिन्याभरानं सापडलेल्या तुकड्याची ओळख पटवायला त्याहून चांगला पुरावा नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड आलाय. अख्खी पट्टी किंवा खोकं हाताशी असेल तर स्कॅन करून बघा. पण कोडही कात्रीत गेला असेल तर हरी हरी.

अर्ध्या नावावरून तर्क अजिबात नको. समजा तुकड्यावर ‘ग्लायकोमेट’ एवढंच दिसतंय. नुसती ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, एकटी घेतली तर साखर फारशी धोकादायक खाली नेत नाही. पण कापल्या गेलेल्या भागात ‘जीपी’ असेल तर तिच्यात ग्लिमेपिराइडही आहे, आणि उपाशीपोटी घेतली तर घाम, थरथर, भोवळ. बीपीच्या टेल्मा, टेल्मा एच, टेल्मा एएम यांचंही तेच. शेवटची एक-दोन अक्षरं म्हणजे आख्खं दुसरं औषध.

बारीकसारीक

चाखून बघू नका. कडू लागली म्हणजे क्रोसिन, असं काही नसतं.

फॅमिली डॉक्टरांच्या पुडीतल्या गोळ्या मला दाखवू नका, पुडी दिली त्यांनाच विचारा. सांधेदुखीच्या ‘देशी’ बिननावाच्या गोळ्या असतील तर जास्तच जपून. अशा गोळ्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार होतात. ती खूप दिवस घेत असलेल्यानं एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून गोळी घेऊन डॉक्टरकडेच जा.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर चमकणाऱ्या बाजूचा, फ्लॅश मारून पाठवू नका. छापील बाजू, दिवसाच्या उजेडात, पूर्ण तुकडा.

सरकारी दवाखान्यातल्या पट्टीवर ब्रँड सापडत नाही म्हणून लोक गोंधळतात. तिच्यावर औषधाचं मूळ नाव असतं, ओळखायला ती सगळ्यात सोपी. जनऔषधीचंही तसंच.

गोळी म्हणजे औषधच, असं धरून चालणं

गव्हाच्या कोठीजवळ सापडलेली गोळी असेल तर हात लावायच्या आधी थांबा. धान्यात ठेवायची पारद टिकडी असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे सेल्फॉस, ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. तिला ओल लागली की विषारी फॉस्फिन वायू सुटतो आणि पोटात गेली तर उतारा नाही. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण त्यासाठी नाक जवळ नेऊ नका. कपाटातल्या डांबरगोळ्या आणि कापराच्या वड्या लहान मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. कापरानं झटके येऊ शकतात. थायरॉईडच्या बाटलीत कधीकधी ओल शोषणारी छोटी डबी असते, ती ‘मोठी कॅप्सूल’ समजून गिळणारेही आहेत.

पोटात गेल्यावर वेळ काढणं

गोळी नक्की कोणती हे ओळखण्याची खरी निकड इथेच असते, आणि नेमकं इथेच लोक ओळखत बसण्यात वेळ घालवतात. साखरेची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल तर लहान मुलाला एक गोळीही भारी पडू शकते, आणि साखर काही तासांनीही उतरते. “खेळतोय की मस्त” म्हणून घरी थांबू नका. लोहाच्या गोळ्यांचं आणखी फसवं. ॲनिमियामुक्त भारत योजनेतल्या लहान मुलांसाठी गुलाबी, किशोरवयीनांसाठी निळ्या, गरोदर बायकांसाठी लाल गोळ्या गावोगावी घरात असतात, त्याही साखरेचा लेप दिलेल्या. मुलानं मूठभर खाल्ल्या तर आधी उलट्या होतात, मग तब्येत सुधारल्यासारखी वाटते, आणि त्यानंतर खरा घोळ सुरू होतो.

मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल-फ्री नंबरवर सल्ला देतं. उरलेल्या गोळ्या, फाटकी पट्टी, बाटली, घरातल्या सगळ्यांची प्रिस्क्रिप्शनं, सगळं पिशवीत घालून दवाखान्यात न्या. काय गेलं असेल याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात.

कुणाच्या पोटात गेलेली नाही आणि घरातल्या कुणाच्या चालू पट्टीशी मेळ बसत नाही, अशी गोळी ओळखायचा खटाटोपच करू नका. टाका. “महागाची असली तर?” असं विचारणारे रोज भेटतात. गादीखाली दमट हवेत पडलेल्या, मुदत माहीत नसलेल्या गोळीची किंमत शून्य. टाकताना चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवून, पिशवीला गाठ मारून टाका, म्हणजे पोरंबाळं आणि जनावरं उचलणार नाहीत. बेसिनमध्ये सोडू नका. मुदत संपलेली औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात घातली, तेव्हा तुमच्या घंटागाडीला त्यासाठी वेगळा डबा असेल तर त्यातच. आणि त्या आमच्याकडे परत करायला आणू नका. सुट्टी गोळी परत घेऊन बरणीत टाकणारा मेडिकलवाला दिसला, तर तिथून औषध घेणं बंद करा.