कोलंबीची टरफलं आंबवताय? या चुका टाळा

तळोजा एमआयडीसीतल्या सीफूड युनिटमधून किंवा दिवाळे कोळीवाड्यात कोलंबी सोलणाऱ्या मावश्यांकडून डोकी-टरफलं भरपूर मिळतात, ती गूळ आणि विरजण घालून आंबवली की कायटिन (टरफलाला कडकपणा देणारा चिवट पदार्थ) काढता येतं आणि कारखान्यासारखं ढीगभर अ‍ॅसिड-कॉस्टिक सोडा लागत नाही. पण खूप जणांचा ड्रम कुजतो आणि दोष जातो कल्चरवर, म्हणजे विरजणातल्या बॅक्टेरियांवर. माझ्या मते खरी चूक असते गूळ वाचवायची.

टरफलात कॅल्शियम कार्बोनेट खच्चून असतं. बॅक्टेरिया साखर खाऊन लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात आणि ते सगळं या कार्बोनेटमध्येच खर्च होतं, १ किलो कार्बोनेट विरघळवायला साधारण १.८ किलो अ‍ॅसिड लागतं आणि त्यासाठी जवळपास तेवढीच साखर. म्हणजे १० किलो ओल्या मालाला पावशेर गुळाने काय होणार, किलोभर तरी हवाच, कधी दीड. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) दोन दिवसांत ५ च्या आसपास यायला हवा. ६ च्या वर अडकलाय पण वास आंबटच आहे तर गूळ वाढवा, अमोनियाचा भपकारा आला तर मात्र तो माल गेला, खोल खड्ड्यात पुरा, खाडीत अजिबात ओतू नका.

विरजणाचंही बघा, दह्यातले सगळे बॅक्टेरिया गुळाची साखर खात नाहीत, लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचं कल्चर मिळालं तर उत्तम.

डोकी घाण वाटतात म्हणून नुसती टरफलं घेऊ नका, डोक्यातले एन्झाइम्सच प्रोटीन सोडवतात. पण त्याच एन्झाइम्समुळे आपल्याकडच्या उकाड्यात डोकी काही तासांत खराब होतात, तेव्हा माल बर्फात आणा आणि त्याच दिवशी लावा. युनिटमधला माल असेल तर जंतू मारायला क्लोरीन किंवा माल टिकवायला मेटाबायसल्फाइट वापरलंय का ते विचारा आणि नीट धुवा, नाहीतर बॅक्टेरिया उठतच नाहीत.

झाकण गच्च लावू नका, कार्बन डायऑक्साइड सुटतो, ड्रम फुगतो. ड्रम प्लास्टिकचाच घ्या, लोखंडाला अ‍ॅसिड खातं.

आणि हे कायटिन आहे, त्यापासून पुढे बनवतात ते कायटोसन नाही! कायटोसनसाठी ४०-५० टक्क्यांचं गरम कॉस्टिक लागतं, ते घरी करायचं काम नाही, वाशीत केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे तिथे विचारा. उरलेलं पाणी कुंड्यांना घालताना भरपूर पातळ करा, त्यात मीठ असतं.