कंबर दुखतीय? आधी चप्पल उलटी करून बघा

उलटी चप्पल दिसली की आमची आई लगेच सरळ करते, घरात भांडणं होतात म्हणून. पण आज दोन मिनिटं मुद्दाम उलटी करा, रोजच्या वापरातली, आणि उजेडात तळ बघा. टाचेला बाहेरच्या कडेने थोडी झिजली असेल तर काळजी नको, बऱ्याच जणांची तशीच झिजते. पण आतल्या कडेने झिजली असेल तर पाय आत कलतोय, आणि पाय आत कलला की गुडघाही आत वळतो, मग तो ताण वर मांडी-कंबरेपर्यंत जाऊ शकतो.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, दिवसाचे आठ-नऊ तास उभं काम. पायात दोन वर्षांची चपटी स्लिपर. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यागत व्हायचं, दहा-पंधरा पावलं चालले की कमी. तळपायाला टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो, तो दुखावला की रात्रभर आखडतो आणि सकाळी एकदम ताणला जातो, म्हणून पहिलंच पाऊल जास्त दुखतं. मला हे माहीतच नव्हतं, मी आपली कंबरेला बाम चोळत होते.

ढिली स्लिपर निसटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळून चालतो, आणि तळ पार दबलेला असला तर फरशीचा दणका थेट टाचेला बसतो. उंच टाचेचं उलटं, त्यात भार चवड्यावर येतो, तोल सांभाळायला गुडघे-कंबर वेगळी धरावी लागते आणि रोज घातली तर पोटरी आखूड होत जाते. लग्नाला चार तास घाला की, रोज नको. कोल्हापुरी मला पण लै आवडते, पण दिवसभर उभं राहायला तिच्यात गादी नसते.

घ्यायला जाताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो, सकाळी बरोब्बर बसलेली चप्पल संध्याकाळी चावते. घरी कागदावर उभं राहून दोन्ही पायांची आउटलाइन काढा, कापून न्या, आणि नवी पेठेत दुकानात गेलात की बुटावर ठेवून बघा, कागद बाहेर आला तर तो बूट नको, दुकानदार कितीही म्हणू दे की वापरून सैल होईल. मोठा असेल त्या पायाचं माप धरा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. मग बूट हातात घेऊन वाकवा, बोटांपाशी वाकला तर चांगला, मधोमध घडी पडली किंवा फडक्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. मागची टाचेची बाजू दाबून बघा, कडक पाहिजे. चप्पलच घ्यायची तर मागे पट्टा असलेली घ्या.

नवा जोड पहिले काही दिवस घरात तास-दोन तासच. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, पंचेचाळीसेक किलोमीटर आहे, आदल्या दिवशी घेतलेले बूट घालून निघू नका.

चपला बदलल्या तरी दुखणं लगेच जात नाही, मला दोन-तीन महिने लागले. रोज भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, तीस सेकंद, टाच जमिनीवरच. संध्याकाळी बर्फाची बाटली तळपायाखाली फिरवायची, आणि आपला सोलापुरी टॉवेल जमिनीवर पसरून बोटांनी ओढत जवळ आणायचा. पण मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा कंबरेतून कळ पायात उतरत असेल तर डॉक्टर गाठा. शुगरवाल्यांनी अनवाणी अजिबात फिरू नका, बर्फही नको आणि पाय घालायच्या आधी बुटात हात घालून बघा, खडा टोचलेला कळत नाही.

आईला घरात घालायला वेगळी मऊ चप्पल आणली. पहिले आठ दिवस स्वयंपाकघरात चप्पल नको म्हणून अडून बसली होती. आता देवघराशी काढते आणि शहाबादी फरशीवर भाकरी थापायला उभी राहिली की परत घालते.