आपलेपणाच्या शोधाचे लघुपट कसे निवडावेत आणि कसे पाहावेत

ऑस्करच्या नियमानुसार श्रेयनामावलीसह 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो; पण एकाकी माणसे एकमेकांपर्यंत कशी पोहोचतात, या विषयावरचे उत्तम लघुपट बहुधा त्याच्या निम्म्या वेळातच आपले काम उरकतात. एवढ्या अवधीत पात्रांचा पूर्वेतिहास सांगत बसायला दिग्दर्शकाला सवड नसते, म्हणून दोन माणसांमधले अंतर तो एखाद्या वस्तूत किंवा जागेत साठवून ठेवतो. ती वस्तू कोणती, हे हेरणे एवढीच प्रेक्षकाची पूर्वतयारी.

एका बैठकीला तीन लघुपट पुरेत, फार तर चार. महोत्सवांमध्ये सलग सात-आठ लघुपट दाखवतात, ते तिथे क्रमप्राप्तच असते. पण घरी तसे पाहिल्यास तिसऱ्यानंतर सगळे चेहरे एकमेकांत मिसळू लागतात, असा माझा अनुभव आहे. शोध कुठे घ्यावा, असा प्रश्न पडल्यास जर्मनीतल्या ओबरहाउझेन (स्थापना 1954) आणि फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ या महोत्सवांच्या जुन्या निवडयाद्या चाळाव्यात. महोत्सवांची फेरी संपल्यावर अनेक दिग्दर्शक आपला लघुपट इंटरनेटवर विनामूल्य खुला करतात. कथासार मात्र आधी वाचू नये, कारण दहा मिनिटांच्या चित्रपटाचे दोन ओळींचे सार म्हणजे जवळजवळ अख्खा चित्रपटच असतो.

सुरुवात संवाद नसलेल्या लघुपटाने करावी. सबटायटल्स वाचण्यात गुंतलेला डोळा पडद्याच्या खालच्या पट्टीतच अडकून पडतो, आणि या प्रकारात महत्त्वाचे ते नेमके वर, हातांत आणि नजरेत घडत असते. मिखाएल दुदोक द वित यांचा ‘फादर अँड डॉटर’ (2000) हा आठ-नऊ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट त्यासाठी अगदी योग्य आहे. वडील लहान मुलीचा निरोप घेऊन होडीतून निघून जातात आणि ती आयुष्यभर सायकलवरून त्याच किनाऱ्याशी येत राहते. तिचे वय वाढते तसतशी तिची सायकल, वाऱ्याला तोंड देण्याची तिची ताकद आणि भोवतालचे ऋतू बदलत जातात. चेहरे तर जवळून दिसतही नाहीत. म्हातारपणी तिची सायकल स्टँडवर उभी राहीना, तेव्हा त्या पडणाऱ्या सायकलीकडे लक्ष द्यावे.

दुसरा लघुपट त्याच्या अगदी उलट, म्हणजे आवाजावर उभा असलेला घ्यावा. मॅट कर्कबी यांच्या ‘द फोन कॉल’मध्ये (2013) मदतवाहिनीवर काम करणारी स्त्री एका दुःखी अनोळखी माणसाशी बोलत राहते, आपल्याला ती स्त्री दिसते, आणि त्या माणसाचा बहुतांशी आवाजच ऐकू येतो. हा लघुपट हेडफोन लावून पाहावा, कारण त्यातल्या थांब्यांना शब्दांइतकेच वजन आहे. विषय आत्महत्येचा आहे, हे सोबत पाहणाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. कथासार न वाचण्याचा नियम इथे बाजूला ठेवावा.

दोन लघुपटांच्या मध्ये पाच मिनिटे तरी पडदा बंद ठेवावा. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद केली नाही, तर शेवटच्या दृश्यानंतरची शांतता हमखास हातची जाते.

शेवटी असा लघुपट निवडावा, जो लगेच दुसऱ्यांदा पाहता येईल. अ‍ॅडम डेव्हिडसन यांचा ‘द लंच डेट’ (1989) सुमारे दहा मिनिटांचा, कृष्णधवल आहे आणि त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा आणि ऑस्करचा असे दोन्ही सन्मान मिळाले आहेत. त्याचा शेवट मी इथे सांगणार आहे, तेव्हा ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी पुढचे नंतर वाचावे. न्यूयॉर्कच्या रेल्वेस्थानकात गाडी चुकलेली एक गोरी, सुखवस्तू वृद्धा उपाहारगृहात सॅलड घेते, काटा आणायला उठते आणि परत येते तर एक गरीब कृष्णवर्णीय माणूस ते खाताना दिसतो. ती संतापते, मग त्याच्यासमोर बसून त्याच ताटलीतून खाऊ लागते. तोही तिला खाऊ देतो आणि उठून दोघांसाठी कॉफी आणतो. नंतर तिच्या लक्षात येते की तिचे सॅलड आणि सामान शेजारच्या टेबलावर जसेच्या तसे आहे.

पहिल्या वेळी आपण तिच्या बाजूने पाहतो आणि तिच्याइतकेच चुकतो. दुसऱ्या वेळी तिच्याकडे पाहूच नये, फक्त त्याच्याकडे पाहावे: ताटली आपली आहे हे त्याला पहिल्या घासापासून ठाऊक आहे, आणि तरीही तो कॉफीचे दोन कप घेऊन येतो.