रिलॅक्सरच्या शिखर-तापमानाचे गणित कसे जुळले

लेड मॅग्नेशियम नायोबेटच्या सिरॅमिकमध्ये लावलेल्या विद्युतक्षेत्राची वारंवारता वाढवली की परावैद्युतांकाचे (पदार्थ विद्युतक्षेत्रात किती ध्रुवित होतो त्याच्या मापाचे) शिखर अधिक तापमानाकडे सरकते; असे वागणाऱ्या पदार्थाला रिलॅक्सर म्हणतात. मात्र हे सरकणे अऱ्हेनियसच्या नियमात (तापमानानुसार वेग घातांकी बदलतो असे सांगणाऱ्या) बसवल्यावर सक्रियण ऊर्जा, म्हणजे ध्रुवणाची दिशा बदलायला लागणारी ऊर्जा, कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि मूळ वारंवारता, म्हणजे दिशा बदलण्याच्या प्रयत्नांची वारंवारता, स्फटिकजालकाच्या कंपनांहून अवाढव्य येत होती, जे भौतिकदृष्ट्या अशक्यच आहे. म्हणून फोगेल-फुल्चर समीकरण घेतले, ज्यात ध्रुवीय नॅनोक्षेत्रांचे (स्वतःचे ध्रुवण असलेल्या नॅनोमीटर आकाराच्या भागांचे) गोठण-तापमान वेगळे धरले जाते. तरीही त्यातील तीन अचल (सक्रियण ऊर्जा, मूळ वारंवारता आणि गोठण-तापमान) एकमेकांत गुंतून दर वेळी निराळे येत, कारण मोजणीचा वारंवारता-पट्टा फार अरुंद होता. तो 100 हर्ट्झपासून 1 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला, नमुना मिनिटाला 1 केल्व्हिन इतक्या संथपणे थंड केला (माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे) आणि शिखराजवळच्या बिंदूंतून परवलय बसवून तापमान काढले. त्यानंतर सक्रियण ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या काही शतांशांवर स्थिरावली.